वॉर्डाबाहेर बसून घ्यायचं नाव

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, जे इंदूरच्या एम.वाय.सारख्या मोठ्या रुग्णालयात वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून रात्र काढताहेत. तिथे देव्हारा नसतो, समई नसते, धड आंघोळही झालेली नसते. पारोशानं नाव घ्यावं का, ही शंका पुष्कळांना अडवते. नामाला सोवळं लागत नाही. ‘एरवी आठवण केली नाही, आता कोणत्या तोंडानं हाक मारू’ हा संकोचही नको. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत, त्यांत आर्त, म्हणजे दुःखानं कळवळून हाक मारणारा, पहिला आहे. आणि भगवंत त्या चौघांनाही उदार म्हणतात.

जवळ माळ नसेल तर उजव्या हाताच्या पेरांवर मोजा. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवा, मग तिचं खालचं पेर. पुढे करंगळी खालून वर, तिन्ही पेरं. मग अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, आणि शेवटी तर्जनी वरून खाली. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, ती ओलांडायची नाहीत. दहाचा प्रत्येक फेरा डाव्या हातावर धरा. दहा फेरे आणि वर आठ, की एकशे आठ.

शेजारी रुग्ण झोपलेले असतात, म्हणून ओठ हलतील पण आवाज फुटणार नाही असा उपांशु जप करा. नुसता मनातला जप श्रेष्ठ मानला आहे खरा, पण काळजीनं पोखरलेलं मन त्यात चटकन निसटतं, आणि मग नाव राहतं बाजूला, बिलाचा हिशेब सुरू होतो. ओठ हलत राहिले की निसटणं लगेच कळतं. तसं झालं तर श्वासागणिक एकच नाव घ्या. आकडा गाठायची घाई झाली की जप नुसता हिशेब होतो.

नवस बोलावासा वाटेल. बोला, पण त्याला सौदा करू नका. दया विकत घेता येत नाही. भीती वाटते, राग येतो, तर तेही देवाला सरळ सांगा.

आपल्या अहिल्यामातेकडे, अहिल्याबाई होळकरांकडे पाहा. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 साली सासरे मल्हारराव, 1767 साली एकुलता मुलगा मालेराव. संकट टळलं नाही. तरी 1795 पर्यंत महेश्वरला शिवपूजा झाली की त्या न्यायनिवाड्याला बसत राहिल्या. दुःख सोसूनही उभं राहण्याचं ते बळ, ही देवाची दयाच होती असं आम्ही मनापासून मानतो.

म्हणून प्रार्थनेपायी औषधाची वेळ चुकवू नका. सिस्टरनं हाक मारली तर फेरा अर्धा टाकून उठा. परत आल्यावर आकडा आठवला नाही, तर अनामिकेच्या मधल्या पेरापासून पुन्हा सुरुवात करा.