फडणीसांनी चाखलं म्हणून

नमस्कार मंडळी. आज साखरेची केमिस्ट्री. घाबरू नका, पाक बिघडला की काय होतं हे ज्याला माहितीये त्याला हे कळेल.

साखरेच्या एका रेणूवर ओएच ग्रुप, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आठ. आठ, बरं का. सगळे साधारण सारखेच वागतात, आणि केमिस्टला त्यातला नेमका हवा तोच बदलायचा असतो, बाकीचे झाकून ठेवायचे, काम झालं की झाकण काढायचं. पुण्यात पाषाणला एनसीएल, आयसर या संशोधन संस्थांमध्ये याच विषयातली पोरं बसलेली असतात, नमुन्याचा थेंब लावलेली प्लेट अ‍ॅसिडमध्ये बुडवून हॉटप्लेटवर धरतात, काळा ठिपका उमटला की समजायचं साखर इथे आहे.

पण मला सांगायचंय ते फडणीसांचं. १९७६ साल, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज, प्रोफेसर लेस्ली हफ, आणि त्यांच्याकडे काम करणारे शशिकांत फडणीस, आडनावावरून ओळखलंच असेल तुम्ही. टेट अँड लाइल या साखरवाल्या कंपनीला साखरेचे नवे उपयोग हवे होते, म्हणून हे लोक साखरेला क्लोरीन जोडून बघत होते. हफ साहेब म्हणाले, याची टेस्ट करा. म्हणजे तपासा. फडणीसांनी ऐकलं, चव घ्या! आता मराठीत दोन्ही टेस्टच की हो. त्यांनी सरळ स्पॅच्युलावर चिमूटभर घेतलं आणि जिभेवर ठेवलं, क्लोरीन घातलेलं, विषारी आहे का नाही काही पत्ता नाही, आणि लागलं काय तर गोड. नुसतं गोड नाही, भयंकर गोड! तेच सुक्रलोज, शुगरफ्री पदार्थांत साखरेऐवजी घालतात ते, साखरेच्या साधारण ६०० पट गोड. (लॅबमधलं काहीही तोंडात घालायचं नाही, पोरांनो, हे आपलं सांगून ठेवतो.)

आणि शुगरफ्री आहे म्हणून काजूकतलीचे चार तुकडे जास्त खाणारे आपले लोक, त्यांना काय बोलायचं, तूप आणि काजू कुठे शुगरफ्री झाले?

असो, वेळ संपत आला. तर सुक्रलोज करायचं म्हणजे आठातले तीनच ओएच काढून तिथे क्लोरीन बसवायचं, तीनच. अडचण अशी की सहा नंबरचा ओएच (रेणूतल्या जागांना केमिस्ट नंबर देतात) फार उतावळा, तो आधी पुढे येतो आणि तोच नकोय. म्हणून त्याला आधी अ‍ॅसिटेटने, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडपासून बनलेल्या झाकणाने, झाकतात, मग क्लोरीन घालतात, चार नंबरवर ते उलट्या बाजूने येऊन बसतं, आणि शेवटी अ‍ॅसिटेट काढलं की झालं सुक्रलोज.