पुढच्या रेव्हुएल्टोचं नाव काय, ताकद किती? आधी ती बेरीज थांबवा!

नमस्कार मंडळी! रूप लपवायला चट्टेपट्टे चिकटवलेल्या एखाद्या नव्या लॅम्बोर्गिनीचा फोटो कुठे दिसला रे दिसला, की माझ्या कमेंट्समध्ये दोनच प्रश्न येतात. “दादा, नाव काय असेल?” आणि “किती एचपी?” म्हणून आज अंदाज बांधूया. विषय एकच: लॅम्बोर्गिनीच्या रेव्हुएल्टोची पुढची, जास्त जहाल आवृत्ती आली तर तिचं नाव काय आणि दम किती. माझ्याकडे गुप्त कागद वगैरे काही नाही. जुन्या गाड्यांचे आकडे आहेत आणि थोडी अक्कल आहे.

रेव्हुएल्टो तुम्हाला माहीत आहेच. साडेसहा लिटरचं व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, सोबत तीन इलेक्ट्रिक मोटर्स, एकूण १०१५ हॉर्सपॉवर. कुणीतरी लिहिणारच, “दादा, १०१५ नाही, १००१.” अरे बाबा, १०१५ हा युरोपातला मेट्रिक आकडा आणि १००१ हा ब्रिटिश. गाडी तीच. पुढे जाऊ.

आता नाव. नवीन मॉडेल असेल तर बहुतेक वेळा एखाद्या बैलाचं नाव मिळतं: डिआब्लो, मुर्सिएलागो, अव्हेंटाडोर. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण काउंटॅक हा बैल नव्हता आणि सेंटेनारियोही नव्हता. पण आपण नव्या मॉडेलबद्दल बोलत नाही आहोत, आहे त्याच गाडीच्या जहाल आवृत्तीबद्दल बोलतोय. तिथे बैल शोधत बसू नका, तिथे अक्षरं येतात. १९७१ ची मिउरा एसव्ही, मग डिआब्लो एसव्ही, २००९ ची मुर्सिएलागो एसव्ही, २०१५ ची अव्हेंटाडोर एसव्ही, २०१८ ची एसव्हीजे. माझे पैसे ‘एसव्ही’वर.

“पण दादा, अमुक नावाचा ट्रेडमार्क फाइल झालाय!” होऊ दे की. कंपन्या नावं राखून ठेवतात, त्यातली कित्येक कुठल्याच गाडीवर लागत नाहीत. आणि कोडनेमला नाव समजणारे तर वेगळेच. फेरारीच्या एफ८० चं कोडनेम एफ२५० होतं, तर माझ्या भाच्याने ‘एफ२५०’ लिहिलेलं कुणाचंतरी काल्पनिक चित्र कितीतरी महिने मोबाइलवर लावलं होतं. २०२४ मध्ये खरी गाडी आली. नाव वेगळं, चेहरा वेगळा आणि इंजिन व्ही६! भाचा दोन दिवस जेवला नाही म्हणा ना. बुगाटीच्या वेळी तेच. व्हेरॉन आणि शिरॉन ही दोन्ही जुन्या रेसिंग ड्रायव्हरांची नावं, म्हणून सगळे तिसरा ड्रायव्हर शोधत बसले. कंपनीने घड्याळातल्या यंत्रणेचं नाव दिलं, टूरबिलॉन. तेव्हा नावाच्या बाबतीत मीही पैज लावतो, शपथ घेत नाही.

ताकदीच्या बाबतीत मात्र मी भांडणार आहे.

(स्क्रीनवर मोठ्या अक्षरात: ८२५ + १५० + १५० + १५० = १२७५)

हे गणित मला रोज कुणीतरी पाठवतं. इंजिन ८२५. प्रत्येक मोटर ११० किलोवॅटची, म्हणजे साधारण १५० हॉर्सपॉवर. तीन मोटर्सचे ४५०. एकूण १२७५, म्हणजे “कंपनी मुद्दाम कमी सांगते”, म्हणजे “एसव्हीमध्ये खरी ताकद सोडणार”. माझ्या एडिटरलाही हा आकडा थंबनेलवर हवा होता. नाही लावला.

कारण मोटर वीज बनवत नाही, मोटर वीज खाते. ती येते बॅटरीतून. रेव्हुएल्टोच्या तीन मोटर्स म्हणजे एकाच टाकीवर लावलेले तीन नळ. तिन्ही पूर्ण उघडलेत, तरी टाकीतून येणारा पाइप जेवढा, तेवढंच पाणी.

नाही पटलं? उलटं करा. १०१५ मधून ८२५ वजा करा. उरले १९०. मोटर्सची क्षमता ४५० ची असताना ऐन जोराच्या क्षणी विजेकडून मिळतात १९०. मग तीन मोटर्स कशाला? कारण पुढच्या दोन मोटर्स दोन चाकांना वेगवेगळा जोर देतात, वळणावर गाडी वळवायला मदत करतात. सगळ्या एकदम पूर्ण चालाव्यात असा हेतूच नाही.

तरीही कमेंट येणार, “मॅक्लारेन डब्ल्यू१ तर १२७५ करते!” योगायोग बघा, आकडासुद्धा तोच. पण तिथे इंजिन ९२८ आणि वीज ३४७, आणि ती बेरीज खरी आहे. गंमत पुढे आहे. डब्ल्यू१ ची बॅटरी १.४ किलोवॅट-अवरसुद्धा भरत नाही. रेव्हुएल्टोची ३.८. म्हणजे छोटी बॅटरी जास्त ताकद देते! कारण किलोवॅट-अवर म्हणजे साठा किती, आणि किलोवॅट म्हणजे एका क्षणी किती सोडणार. हॉर्सपॉवरच्या आकड्यात दुसरी गोष्ट मोजली जाते. म्हणून मोटर्स मोजू नका, नुसता साठाही मोजू नका. बॅटरी एका दमात किती देते, ते विचारा.

आता याच नजरेने लॅम्बोर्गिनीच्याच फेनोमेनोकडे बघा. २०२५ ची, रेव्हुएल्टोवरच बेतलेली, फक्त २९ गाड्या. मोटर्स तीनच. इंजिन ८२५ वरून ८३५, म्हणजे फक्त १० वाढले. वीज १९० वरून २४५. एकूण १०८०. वाढलेल्या ६५ पैकी ५५ विजेचे! बॅटरी बदलली, ७ किलोवॅट-अवरची आली. एवढं व्ही१२, आणि बाजी मारली बॅटरीने. मला स्वतःला हे थोडं खुपतं, पण आकडे आकडे असतात.

तर माझा अंदाज. मुर्सिएलागो ६४० वरून ६७० झाली. अव्हेंटाडोर ७०० वरून ७५०, मग ७७०. ही कंपनी अशा आवृत्तीत ३० ते ७० वाढवते, शेकड्यांनी नाही. एसव्ही आली तर १०५० ते १०८०. आणि वाढीचा मोठा वाटा इंजिनाचा नसेल.

शून्य ते शंभर? रेव्हुएल्टो २.५ सेकंद, फेनोमेनो २.४. ६५ हॉर्सपॉवरने मिळाला सेकंदाचा एक दशांश, कारण सुरुवातीला टायरची पकड संपते, ताकद नाही. मला शून्य ते दोनशेचा आकडा सांगा, तिथे फरक दिसतो. आणि “४०० गाठेल का” विचारणाऱ्यांनो, वेग वाढला की हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ३५० वरून ४०० ला जायचं तर साधारण दीडपट ताकद लागेल. त्यात एसव्हीवर पंख मोठा असणार, तो वळणावर चिकटवतो आणि सरळ रस्त्यावर अडवतो. नाही गाठणार.

तुमचा अंदाज खाली लिहा, पण इंजिनाचा आकडा वेगळा आणि विजेचा वेगळा. नुसती बेरीज लिहिली तर मी उत्तर देणार नाही. आणि हो, एडिटर, थंबनेलवर १०८० चालेल.