इतक्यांना कसं पुरणार?

सगळ्यांना सलाम. अध्यक्ष महोदय, पाळकसाहेब, महिला संघाच्या भगिनी आणि मागच्या रांगेत बसलेल्या नर्सिंगच्या मुली. मुलींनो, पंख्याखालची जागा पटकावलीत ते बरं केलंत, पण ऐकू येत नसेल तर हात वर करा.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सेवेतला थकवा आणि देवाची कृपा : पंडिता रमाबाईंच्या आयुष्याच्या आधारे’. रमाबाईंकडे मी येणार आहे. पण त्याआधी एक शब्द तुमच्यापुढे ठेवायचाय. कित्येक वर्षं तो माझ्या मनात घोळतोय. अगदी स्वयंपाकघरातला शब्द आहे, ‘पुरणं’.

दारात अचानक चार पाहुणे आले, की हसून ‘या, या’ म्हणता म्हणता आपण आधी काय करतो? डब्यातल्या भाकरी मोजतो. बघा, हसलात! म्हणजे सगळ्यांनीच मोजल्यात. पुरतील का? नाहीतर पीठ मळा, आमटी वाढवा. आणि तिकडे पंगतीत जेवणारा ‘पुरे, पुरे’ म्हणत ताटावर हात धरतो. शब्द एकच, पण वाढणारीच्या तोंडी ती काळजी आहे आणि जेवणाऱ्याच्या तोंडी तृप्ती. पुरणपोळीतलं पुरणसुद्धा याच घरातलं, आत भरतात ते पुरण. सेवा करणारं माणूस जन्मभर पहिल्या ‘पुरेल का’मध्ये अडकलेलं असतं. ते दुसऱ्या ‘पुरे’पर्यंत कसं पोहोचतं, एवढंच मला आज बोलायचंय.

योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आपल्या सगळ्यांना पाठ आहे. येशूसमोर पाच हजार पुरुष; बायका-मुलं वेगळीच, असं मत्तय सांगतो. त्याचा शिष्य फिलिप्प हिशेब करून सांगतो, दोनशे दीनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरणार नाहीत. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. दुसरा शिष्य आंद्रिया एका मुलाला घेऊन येतो. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. आणतो खरा, पण लगेच म्हणतो, इतक्यांना हे कसं पुरणार? आंद्रियाचं हे वाक्य मी पहिल्यांदा बायबलमध्ये वाचलं नाही. मी ते आमच्या घरात ऐकलं.

साल १९७२. इथे पिकलेल्या केसांची बरीच मंडळी आहेत, तुम्हाला दुष्काळ सांगायला नको. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आठवते ना? माझे बाबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यातली काहीशे आमच्या तलावावर. तिथे सुकडी, म्हणजे गूळ घातलेला कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायची. मास्तर म्हणून वही आणि वाटप बाबांकडे आलं. मी दहा वर्षांची होते, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायचे. गुळाचा तो वास अजून आठवतो.

एका शनिवारी पोती कमी आली. का कमी आली, कुणी कमी पाठवली, ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाबांनी आधी माप कमी केलं, मग आणखी कमी केलं. तरी शेवटी रांगेत एकेचाळीस माणसं उरली आणि पिंप रिकामं झालं. बाबांनी पिंप आडवं करून सगळ्यांना दाखवलं. माणसं काही बोलली नाहीत. भांडली असती तर बाबांना सोपं गेलं असतं. एक बाई मात्र जर्मनचं पातेलं पुढे धरून तशीच उभी राहिली. बाबा म्हणाले, “संपलं गं माय.” ती म्हणाली, “व्हय,” आणि तरी उभीच. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आईनं ताट वाढलं, ते सरकवून म्हणाले, “मी अपुरा पडलो.” सुकडी अपुरी पडली, असं नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याचा विधी. भाकरीची थाळी बाकाबाकांवरून फिरत आमच्यापर्यंत आली आणि बाबांनी ती न घेता पुढे दिली. छोट्या मंडळीत ही गोष्ट लपत नाही. आईनं माझा हात घट्ट धरला. आमच्या मागे एक म्हातारे तात्या बसायचे. खडी फोडायला जायचे, लिहिता-वाचता येत नव्हतं. आदल्या दिवशीच्या त्या एकेचाळिसांत तेही होते, रिकाम्या भांड्यानिशी परत गेलेले. तात्या उठले, पुढे आले, आपल्या हातातल्या तुकड्याचे दोन केले आणि एक बाबांच्या तळहातावर ठेवला. हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, “मास्तर, तुमच्या घरचं वाटीत व्हता का?”

घरचं वाटत होतात का? मी चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली. रात्रपाळीला चाळीस खाटा आणि मी एकटी, अशा किती रात्री काढल्या. एका खाटेजवळ थांबले की दुसरीकडून हाक यायची. एक आजी पाणी मागत होती, मी “आले हं” म्हणून गेले आणि पोहोचले तेव्हा तिला झोप लागली होती. लहानशी गोष्ट, पण घरी येऊन मी रडले. अशा वेळी मला प्रवचनं आठवली नाहीत, तात्यांचा तो प्रश्न आठवला.

इथे माझी एक तक्रार आहे, आणि ती मी करणार. आपल्या सेवेच्या अहवालांत ‘लाभार्थी’ नावाचा रकाना असतो. इतके लाभार्थी, इतकी शिबिरं. परत गेलेल्यांचा रकाना कुठल्याही अहवालात नाही. मी निवृत्तीनंतर एका संस्थेत काम करत होते, तिथे मी असा रकाना घालून दिला, तर तो खोडून कागद माझ्याकडे परत आला. देणगीदार नाराज होतील म्हणे. आणि सत्काराला शाल-श्रीफळ देऊन आपण म्हणतो, ताईंनी कधी थकवा जाणवू दिला नाही. का नाही जाणवू द्यायचा? थकलेल्या माणसाला थकले म्हणायची जागा मंडळीत नसेल, तर ती कुठे असणार? कितीतरी चांगल्या मुली हे काम सोडून गेल्या. त्यांना वाटलं, आपल्यातच प्रेम कमी आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, रमाबाई.

जन्म १८५८. तरुणपणीच दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उपास म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडमध्ये. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं. आता माझा मुद्दा नीट ऐका. रमाबाईंनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिलंय, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त त्यांना सापडला नव्हता. म्हणजे विद्वत्ता होती, धैर्य होतं, संस्था उभी होती, जगभर नाव होतं, आणि आत रितेपण होतं. ते रितेपण त्यांनी झाकलं नाही. आपण काही कमावून देवापुढे जात नाही, तो जे देतो ते हात पसरून घ्यायचं असतं, हे त्यांना उमगलं ते त्यानंतर.

आणि पुण्याजवळच्या केडगावचं मोठं काम उभं राहिलं तेही त्यानंतर. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. जिथून तीनशे आणल्या, तिथे मागे किती राहिल्या असतील? आपलीच माणसं भुकेनं गेलेली पाहिलेल्या बाईला ते दिसलं नसेल का? तरी त्या थांबल्या नाहीत. १९०० पर्यंत केडगावच्या त्यांच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये, दीड हजार माणसं होती. तिथल्या एका घराला त्यांनी नाव दिलं कृपासदन. जगानं वाट चुकलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांचं ते घर होतं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्याही दुःखात साध्या बायकांना कळेल अशा मराठीतल्या बायबलचं काम त्या करत राहिल्या, ते पुरं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या.

आता प्रेषित पौल, दोनच वाक्यांत. शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, उत्तर मिळालं, “माझी कृपा तुला पुरे आहे.” हा ‘पुरे’ आणि फिलिप्पाचं ‘पुरणार नाहीत’, मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, आर्केओ. हे मला कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते. भाकरी पुरणार नाहीत, हे फिलिप्पाचं म्हणणं खरंच होतं. येशूनं त्याला खोटं पाडलं नाही. त्या अपुऱ्या भाकरी हातात घेतल्या, आभार मानले आणि लोकांना वाढल्या. मागे उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या गोळा करायला लावलं, तेही त्याच शिष्यांना.

घंटा वाजली. बाबांचं तेवढं सांगते आणि बसते.

त्या रविवारी बाबांनी तो अर्धा तुकडा खाल्ला. रात्री कंदिलाशी बसून त्यांनी एकेचाळीस नावं लिहिली आणि पोती वाढवून मिळावीत म्हणून अर्ज केला. सोमवारी पुन्हा केंद्रावर गेले. त्या दिवशी त्या एकेचाळिसांना आधी वाढलं. सुकडी त्या दिवशीही कमी पडली, सतरा माणसं परत गेली. बाबांनी ती सतरा नावंही लिहून घेतली. घरी आले, पाय धुतले, ती नावं एकेक करून प्रार्थनेत घेतली. मग आईनं मिलोची भाकरी आणि चटणी वाढली, आणि बाबा जेवले.