जुनी गाडी, पक्की पावती

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे सेकंडहँड चारचाकीबद्दल. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि महिन्याभरात ती गॅरेजमध्ये जाऊन बसली, तर काय करायचं? बहुतेक जण कपाळाला हात लावतात. 'जुनीच होती, आता बोलणार कुणाला?' असं म्हणतात आणि निमूटपणे मिस्त्रीचं बिल भरतात. श्रोतेहो, बोलायचं. आणि हक्काने बोलायचं. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यालाही ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. पुन्हा सांगतो, गाडी जुनी असली तरी विकणारा व्यापारी असेल, तर कायदा लागू आहे.

आता माझ्या मावसभावाची हकिकत ऐका. तो साताऱ्याला राहतो. मावशीचे गुडघे दुखायला लागले, तिला देवदर्शनाला, दवाखान्यात न्यायला घरात गाडी हवी, म्हणून त्याने पुण्यातल्या एका यार्डातून साडेतीन लाखांना गाडी घेतली. पांढरी, चकचकीत, आतून नव्यासारखी. नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला. विकणाऱ्याने फोनवर जाहिरात पाठवली होती, तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं : 'अपघात नाही, पाण्यात गेलेली नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एसी लावला की ओलसर, कुबट वास यायला लागला. एका रात्री दारात उभी असलेली गाडी आपोआप हॉर्न वाजवायला लागली, सगळी आळी जागी झाली. काचा मधेच अडकायच्या. मावशी म्हणाली, 'अरे, हिची दृष्ट काढ.' पण भावाने गाडी नेली आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे.

त्या मिस्त्रीने बॉनेट उघडलंच नाही. तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि सीटबेल्टचा पट्टा ओढायला लागला. आपण ओढतो तेवढा नाही. पार शेवटपर्यंत, गुंडाळीतला सगळा. आणि पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला दिसली मातीची तपकिरी रेघ. वरचा पट्टा धुऊन लख्ख केलेला, आत गुंडाळलेला भाग कुणी धुतलाच नव्हता. मग त्याने कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक रेती, सीटखालच्या पट्ट्यांना गंज, वायरिंगच्या जोडांवर हिरवी पूड. मिस्त्री एवढंच म्हणाला, 'मालक, गाडी पुरातली आहे.'

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबरवरून जुनी नोंद निघाली. जुलै २०२१, चिपळूणच्या महापुराचे दिवस. गाडी ओढून आणलेली, आत पाणी शिरलेलं.

भाऊ यार्डात गेला. उत्तर मिळालं, 'जशी आहे तशी घेतलीत, कागदावर तुमची सही आहे.' सही होती, खरं आहे. पण टायर झिजलेत, बॅटरी थकली आहे, हा झाला जुनेपणा. तो किमतीत धरलेलाच असतो. माहीत असलेलं मोठं दुखणं लपवणं, मीटर मागे फिरवणं, ठोकलेली गाडी 'बिनअपघाती' म्हणून खपवणं, ही फसवणूक. 'जशी आहे तशी' या तीन शब्दांनी ती धुऊन निघत नाही.

भावाने सगळे कागद जमवले. पक्की पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, फोनवरची ती जाहिरात, मिस्त्रीचा लेखी अहवाल, पट्ट्याचे फोटो. आधी पोचपावतीसह नोटीस. उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, आणि तीही साताऱ्यात. व्यापारी पुण्याचा असला तरी २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. प्रकरण उभं राहिल्यावर मात्र व्यापारी तडजोडीला आला. गाडी परत घेतली, पूर्ण रक्कम आणि मिस्त्रीचे पैसे दिले. मावशी जेजुरीला एसटीने जाऊन आली. आणि माझं स्पष्ट मत आहे, एसटीची गाडी वेळेवर आणि स्वच्छ मिळाली, तर निम्म्या घरांना कर्ज काढून गाडी घ्यावीच लागणार नाही. त्यासाठीही आपण तितक्याच जोराने बोललं पाहिजे.

असो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण या बाबतीत मनातून काढून टाका. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना उभी केली ती साध्या माणसाने दाद मागावी म्हणूनच. आयोगात वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर रोख पैसे मोजू नका. तोंडी शब्दावर जाऊ नका, लेखी घ्या. लेखी घ्या आणि जपून ठेवा.

आणखी एक. गाडी ओळखीच्या माणसाकडून, घरगुती व्यवहारात घेतली असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही. तिथे करार कायद्याखाली दिवाणी दावा, किंवा उघड फसवणूक असेल तर पोलीस. म्हणून अशा वेळी आधीच पारखून घ्या. परिवहनच्या ॲपवर विमा, फिटनेस, कर्जाचा बोजा बघा. मालकाकडे जुनी विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आलेला दिसला, तर क्लेम कशाचा घेतला ते विचारा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. विकणाऱ्याला राग आला तरी ओढा.

ज्यांच्या दारात अशी गाडी आत्ता उभी आहे, त्यांच्यासाठी : तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. गाडी आणखी उघडण्याआधी, सुटे भाग बदलण्याआधी फोटो काढा, अहवाल घ्या. दुरुस्ती झाली की पुरावा गेला. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या, १९१५. पुन्हा सांगतो, एक, नऊ, एक, पाच.

नमस्कार.