निविदा उघडण्याआधी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

सासवड, जुन्नर, शिरूर, भोर, दौंड, तळेगाव दाभाडे. पुणे जिल्ह्यातल्या या गावांचा कारभार नगरपरिषद चालवते. तिथे आयुक्त नसतो, मुख्याधिकारी असतो. हाताखाली मोजके अभियंते असतात आणि नगररचनेचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे बऱ्याचदा शेजारच्या गावाचाही कार्यभार असतो. एवढ्याच माणसांनी पाणी, गटारं, रस्ते, बांधकाम परवाने आणि विकास आराखडा सांभाळायचा असतो. आज बोलायचं आहे ते आराखडा आणि निविदा या दोन गोष्टींबद्दल. दोन्हीकडे आपलं लक्ष जातं तेव्हा निर्णय बहुतेक वेळा होऊन गेलेला असतो.

आधी आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. नगरपरिषद आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते, जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा होतो, मग प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो. तिथून हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. गावाचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा ठरत असतो आणि आपल्या हातात असतो एक महिना. त्यातले पहिले दहा-बारा दिवस नोटीस कुणाच्या वाचनातच येत नाही.

हरकत लिहिताना ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ एवढंच लिहून भागत नाही. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशावरचा आरक्षण क्रमांक (म्हणजे मैदान, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचा क्रमांक), सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा. रस्ता उभ्या घरावरून गेला असेल तर घराची परवानगी आणि करपावती जोडा. हे नेहमी घडतं, कारण जुना गावनकाशा आणि प्रत्यक्ष मोजणी एकमेकांवर बसत नाहीत. आणि पर्याय सुचवा: रस्ता दोन मीटर उत्तरेला सरकवला तर कोणते बांधकाम वाचते, हे नकाशावर पेन्सिलनं दाखवा. अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख हवी. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तिथे ही कागदपत्रंच बोलतात. एकच छापील मजकूर, खाली वेगवेगळ्या सह्या, असे शेकडो अर्ज आले की ते एकाच मुद्द्यात निकाली निघतात. अर्थात नुसत्या संख्येचाही दबाव पडतो. पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, २०२१ सालच्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि अखेर सरकारनं तो आराखडाच रद्द केला. पण मधली वर्षं गेली ती गेलीच. त्या काळात झालेली बेकायदा बांधकामं आता तिथेच उभी आहेत.

आराखडा मंजूर झाला म्हणजे मैदान मिळालं असं नाही. आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नगरपरिषदेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कायदेशीर पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं. नुसता ठराव करून किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवून ती मुदत वाचत नाही. लहान नगरपरिषदांची खरी हानी इथे होते. भूसंपादनाला पैसे नसतात, टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा आणि विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्यायला मालक तयार नसतो, कारण छोट्या गावात तो विकत घेणारा बिल्डर सापडत नाही. आणि नोटीस आली आहे हे सभागृहातल्या सदस्यांनाही उशिरा कळतं. म्हणून दर वर्षी अर्थसंकल्पाच्या सभेआधी विचारावं: कलम १२७च्या किती नोटिसा आल्या आहेत, आणि कोणत्या आरक्षणाचे २४ महिने कधी संपतात? या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

आता कामं. नगरपरिषदेकडे स्वतःचा पैसा थोडा असतो. बाकीचा येतो नगरोत्थान, वित्त आयोग, जिल्हा वार्षिक योजना, अमृत अशा सरकारी निधीच्या शीर्षांखाली. प्रत्येक शीर्षाची वेळ वेगळी, आणि आराखड्यातला क्रम एकीकडेच राहतो. रस्त्याचा निधी आधी आला की आधी रस्ता होतो. दीड वर्षानं मलनिःसारणाची योजना मंजूर होते आणि तोच काँक्रीटचा रस्ता कटरनं कापला जातो. पैसे दोनदा जातात आणि बुजवलेला चर पहिल्याच पावसात खचतो. यावर एक साधा उपाय अंदाजपत्रकातच करता येतो. काँक्रीट पडण्याआधी, ठरावीक अंतरावर, नंतरच्या जोडण्यांसाठी रस्त्याच्या आरपार रिकामे पाइप टाकून ठेवायचे. ही बाब अंदाजपत्रकात नसेल तर निविदेतही येत नाही, आणि नंतर ठेकेदाराकडून फुकट होत नाही.

काम प्रशासकीय मान्यतेसाठी सभेपुढे येतं तेव्हाच अंदाजपत्रक मागून घ्या. त्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे एकेक बाब लिहिलेली असते: खोदाई किती घनमीटर, खडीचा थर किती जाड, काँक्रीट कोणत्या प्रतीचं. त्यानंतर तांत्रिक मंजुरी, मग निविदा सूचना, मग महाटेंडर्स या सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर दोन लिफाफे: पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. गडबड दराच्या लिफाफ्यात क्वचितच सापडते. ती अटींमध्ये असते. स्थळपाहणीचा दाखला नगर अभियंत्याकडूनच आणायचा, अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा काँक्रीट मिसळण्याचा प्लँट असायचा, अशा अटींनी बाहेरचा ठेकेदार दारातच अडतो. एका रस्त्याचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली बसवणं हाही जुनाच प्रकार. सूचना निघाल्यावर निविदापूर्व बैठकीची तारीख बघा, अटींवरचा आक्षेप तिथेच नोंदवायचा असतो.

कधी कधी अंदाजापेक्षा २५-३० टक्के कमी दराची निविदा येते आणि सभेत टाळ्या पडतात. मला त्या वेळी काळजी वाटते. फरक कुठून भरून निघतो, ते हिशोबानं बघा. रस्ता २०० मीटर लांब, ५ मीटर रुंद, काँक्रीटची जाडी १५ सेंटीमीटर. म्हणजे १५० घनमीटर माल. सहा घनमीटरच्या मिक्सरच्या २५ गाड्या. जाडी १२ सेंटीमीटरवर आणली की १२० घनमीटर, २० गाड्या. पाच गाड्या वाचल्या आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून काम चालू असताना गाड्या मोजा. प्रत्येक गाडीसोबत प्लँटचं चलन येतं, त्यावर वेळ आणि काँक्रीटची प्रत लिहिलेली असते. काँक्रीट ओतण्याआधी कडेच्या फळ्यांची उंची टेपनं मोजून फोटो काढा. चाचणीसाठी काँक्रीटच्या नमुन्याचे क्यूब (ठोकळे) भरले का, ७ आणि २८ दिवसांच्या चाचण्यांचे अहवाल आले का, हे विचारा. किमान चौदा दिवस पाणी मारलं नाही, किंवा सांधे वेळेत कापले नाहीत, तर चांगल्या मालाच्या रस्त्यालाही तडे जातात.

बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवरून. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी लिहितो, अशी रीत आहे. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून हीच नोंद टेबलावर बसून होते आणि अंदाजपत्रकातले आकडे जसेच्या तसे उतरतात. पुस्तिकेत सगळीकडे जाडी अगदी १५.० सेंटीमीटर दिसली तर शंका घ्या, प्रत्यक्ष मोजणीत मिलिमीटरचा फरक पडतोच.

माहितीचा अधिकार कायदा फक्त कागद मागण्यापुरता नाही. कलम २(ञ) खाली कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क मिळतो. अर्जात कामाचं नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक लिहा, म्हणजे ‘माहिती विस्तृत आहे’ असं उत्तर देता येत नाही.

रस्ता पूर्ण झाल्यावर करारातला दोषदायित्व कालावधी सुरू होतो. तो संपेपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडे असते आणि दुरुस्ती त्यानं स्वखर्चानं करायची असते. तडा दिसला की खांबाचा किंवा घराचा क्रमांक, तारीख आणि फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा, प्रत लेखा विभागाला द्या. अनामत परत करण्याची फाइल तिथूनच निघते आणि तिच्यात तुमची तक्रार लागलेली असली की ती निकाली काढल्याशिवाय पैसे सोडणं अवघड जातं.

नमस्कार.