समेरियमचं घड्याळ आणि वाईचा कातळ

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘समेरियमचे समस्थानिक आणि सह्याद्रीचा कातळ’. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू. कातळ तुमच्या ओळखीचा आहे. समेरियमकडे वळण्याआधी मात्र एक तक्रार मांडू द्या.

आपल्याकडे दगडाच्या वयाचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, “कार्बन डेटिंग करून घ्या की!” वीरगळ सापडला, कार्बन डेटिंग. अजिंक्यताऱ्याच्या तटाचा चिरा निखळला, कार्बन डेटिंग. अहो, पण त्यात कार्बन आहे कुठं? कार्बन-14 हवेतून झाडात जातो, झाडातून गुराढोरांत आणि आपल्यात. जीव गेला की नवा यायचा थांबतो, असलेला दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. साधारण 50,000 वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. आपला कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा. साडेअकरा हजार अर्धायुष्यं उलटली! आणि मुळात तो जिवंत होता कधी?

दुसरं, चिऱ्याचं वय वेगळं आणि बांधकामाचं वेगळं. लिंब गावची बारामोटेची विहीर घ्या. बांधकाम 1719 ते 1724, तसं शिलालेखच सांगतो. चिरे कोट्यवधी वर्षांचे. विहिरीचं वय हवं असेल तर शिलालेख वाचा, फुकट आहे. शिलालेख नसेल तर सांध्यातला चुना घ्या. इथं मात्र कार्बनवाल्यांना मी हात देतो. चुना आवळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्यामुळे बांधणीच्या वेळचा कार्बन त्यात कोंडला जातो. पण भट्टीत अर्धवट भाजलेला चुनखडीचा खडा त्यात राहिला, तर त्यातला जुनाट कार्बन वय वाढवून दाखवतो. भिंतीच्या फार आतला चुना उशिरा आवळतो, तो वय कमी दाखवतो. मागाहून कुणी डागडुजी केली असेल तर विचारायलाच नको. त्यापेक्षा चुन्यात अडकलेला कोळशाचा बारीक कण मिळाला तर तो उचला. अर्थात जुन्या लाकडाचा कोळसा निघाला, तर पुन्हा पंचाईत.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. बरं, समेरियम.

हे दुर्मिळ मृदा गटातलं मूलद्रव्य, 1879 मध्ये सापडलं. निसर्गात याचे सात समस्थानिक मिळतात. आपल्या कामाचा समेरियम-147, एकूण समेरियमच्या 15 टक्के. तो अल्फा कण बाहेर टाकतो आणि निओडिमियम-143 होतो. अर्धायुष्य सुमारे 10,600 कोटी वर्षं. विश्वाचं वय 1,380 कोटी, म्हणजे या गड्याला घाई म्हणून नाही. पृथ्वी झाल्यापासून त्यातला जेमतेम 3 टक्के संपलाय. घाबरू नका, तरीही एक ग्रॅम समेरियममध्ये सेकंदाला सव्वाशेच्या आसपास अणू फुटत असतात. अणूंची संख्याच तेवढी अफाट आहे. याचाच भाऊ समेरियम-153 अणुभट्टीत तयार करतात. त्याचं अर्धायुष्य 46 तास, आणि हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करायला तो देतात. तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा.

दगडातून हे मोजायचं कसं? आधी नमुना. टेबल लँडवरचा जांभा उपयोगाचा नाही, तो कुजलेला कातळ. घाटाच्या कापात ताजा काळा भाग शोधायचा, तांबूस साल हातोड्याने उडवायची, झिओलाइट या मागाहून साचलेल्या खनिजाने भरलेली छिद्रं टाळायची. पूड करून 50 ते 100 मिलिग्रॅम टेफ्लॉनच्या कुपीत घ्यायची, कारण हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं. त्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल घालून कुपी झाकून दोनेक दिवस तापत ठेवायची. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखत नाही आणि तोवर ते आत उतरलेलं असतं. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आधी टेबलावर, मग बाटलीचं झाकण उघडायचं. नवखे हमखास चुकतात ते पुढं. आम्ल उडून गेल्यावर तळाशी फ्लोराइडचा पांढरा थर राहतो आणि आपलं समेरियम-निओडिमियम त्यातच दडून बसतं. वरचं स्वच्छ पाणी घेऊन पुढं गेलात तर मापलंत ते चूक. आधी नायट्रिक, मग हायड्रोक्लोरिक आम्लात पुन्हा पुन्हा सुकवून तो थर पुरता विरघळवावा लागतो.

मग रेझिनच्या, म्हणजे मूलद्रव्यं कमीजास्त धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या नळ्या. पहिल्या नळीत सगळी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं वेगळी होतात, दुसरीत निओडिमियम आणि समेरियम एकमेकांपासून. दोघं इतके सारखे, की यवतेश्वरच्या घाटात मॅरेथॉनवाले एकदम सुटतात आणि चढावर हळूहळू पांगतात, तसंच इथं. निओडिमियम आधी उतरतं. थोडं जरी समेरियम मागं चिकटून आलं, तर वस्तुमान 144 वर दोघांचेही अणू येतात आणि गुणोत्तर बिघडतं. म्हणून 147 वर सतत नजर ठेवायची.

दुसरी चिठ्ठी. पाच मिनिटं. ज्यासाठी बोलावलंत ते आता पळतपळत.

या घड्याळाने आपल्या कातळाचं वय निघत नाही. 6.6 कोटी वर्षांत समेरियम-147 च्या दहा हजार अणूंतले चारच फुटतात. निओडिमियमच्या 143 ला 144 ने भागून जे गुणोत्तर येतं, त्यात या फुटण्यामुळे एका कातळाचा दुसऱ्याशी पडणारा फरक पाचव्या दशांश स्थळावर, आणि यंत्राची चूकही तिथंच. वय ठरलंय ते आर्गॉन आणि झिरकॉन या खनिजातल्या युरेनियमवरून.

मग समेरियम कशाला? लाव्हा कुठून आला ते विचारायला. जुन्या ग्रॅनाइटी कवचात निओडिमियमच्या मानाने समेरियम कमी, म्हणून अब्जावधी वर्षांत तिथं 143 कमी साठला. कवचाखालच्या थरात, म्हणजे प्रावरणात, जास्त. वर येताना लाव्हारसाने कवच गिळलं असेल, तर गुणोत्तर खाली येतं. इथल्या लाव्हाथरांच्या एका गटाला वाई उपगट म्हणतात; त्यात तळाशी पोलादपूर, त्यावर आंबेनळी, त्यावर महाबळेश्वर. पोलादपूरच्या थरात कवचाची भेसळ दिसते, आंबेनळीत सर्वांत कमी. वाई उपगटाच्याही खालचा बुशे थर सर्वांत भेसळीचा. म्हणजे नंतरच्या लाव्हारसाला वर यायला बऱ्यापैकी मोकळी वाट मिळालेली दिसते. महाबळेश्वरच्या थरात आकडा पुन्हा थोडा उतरतो, पण भेसळीची तऱ्हा निराळी.

हेच स्ट्रॉन्शियमवरूनही काढतात, पण महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम पाण्याबरोबर हलतात. समेरियम आणि निओडिमियम सहसा जागचे हलत नाहीत, आणि हललेच तर बरोबरीने.