ब्लॅक लिकरमधलं लिग्निन आणि खानदेशातली पऱ्हाटी

मंडळी, खानदेशात लाकडाच्या लगद्याचा विषय निघाला की नेपानगर आठवतंच. जुन्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर. त्याच्या शेजारच्या नेपानगरात १९५६ पासून वर्तमानपत्राचा कागद निघू लागला, तो सातपुड्यातल्या सालईच्या लाकडावर आणि बांबूवर. वर्तमानपत्र चार दिवस उन्हात राहिलं की पिवळं पडतं, कारण दळून केलेल्या लगद्यात लाकडाचं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं द्रव्य, तसंच राहतं आणि प्रकाशानं त्याचं क्विनोनसारख्या रंगीत संयुगांत रूपांतर होतं. पांढऱ्या टिकाऊ कागदासाठी लाकूड अल्कलीत शिजवून लिग्निन बाहेर काढावं लागतं. ते ज्या काळ्या पाण्यात उतरतं त्याला कारखान्यात ब्लॅक लिकर म्हणतात. आज बोलायचं आहे ते त्यातल्या लिग्निनबद्दल, आणि आपल्याकडे लाकडाच्या जागी जी सहज मिळते त्या पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगतो. झाड कोणतं, शिजवलं कसं आणि धुतलं कसं, हे सोबत नसेल तर लिग्निनच्या कुठल्याही आकड्याला किंमत नाही. सेल्युलोज कुठल्याही झाडातलं असो, साखळी तीच. लिग्निनचं तसं नसतं. त्याचे घटक तीन: एच (हायड्रॉक्सिफिनाइल), जी (ग्वायासिल) आणि एस (सिरिंजिल). पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडात जवळजवळ सगळं जी; सालई, निलगिरी, कपाशी यांत जी आणि एस; बांबू, कडबा, गव्हाचं काड यांत तिन्ही. जी घटकाच्या सहा कार्बनच्या कड्यावर पाचवी जागा मोकळी असते, तिथून दोन कडी थेट जोडली जातात आणि जाळं ताठ होतं. एस घटकात ती जागा मेथॉक्सी गटानं अडवलेली असते. पुढचा बराचसा फरक या एका जागेमुळे पडतो.

क्राफ्ट पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड घालून १६० ते १७५ अंशांवर शिजवतात. पऱ्हाटी नुसत्या कॉस्टिकवरही शिजते; ती सोडा पद्धत. कोरड्या काडीच्या वजनाच्या साधारण १८ ते २० टक्के कॉस्टिक लागतं. यात लिग्निनचे घटक जोडणारे बीटा-ओ-४ हे ईथर बंध तुटतात, फिनॉलचे मोकळे गट वाढतात आणि लिग्निन पाण्यात जातं. त्याच वेळी काही तुकडे नव्यानं एकमेकांना चिकटतात, म्हणून बाहेर आलेलं लिग्निन झाडातल्यासारखं राहत नाही. सोडा पद्धतीत गंधक नसतं, हा मोठा फायदा. क्राफ्टचं लिकर आम्ल करताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो जीवघेणा आहे. बंद खोलीत हे काम कधीही करू नका.

आता लिग्निन बाहेर काढणं. बहुतेक चुका इथेच होतात. लिकर गाळून ६० ते ७० अंशांवर ठेवा. पीएच १३ च्या आसपास असतो. पातळ सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबानं, ढवळत घाला. कार्बोनेट फसफसतं, म्हणून भांडं अर्धं रिकामं ठेवा. पीएच १० च्या खाली आला की फिनॉल गटांवरचा सोडियम सुटू लागतो आणि तपकिरी साका दिसतो. कडबा किंवा गव्हाच्या काडाचं लिकर असेल तर याच टप्प्यावर सिलिकाही खाली बसते; म्हणून १० च्या आसपास थांबून ती आधी गाळून घ्यावी. तापमान कमी पडलं तर कण इतके बारीक येतात की फिल्टर कागद चोंदतो. ८० च्या वर गेलं तर ओला साका मऊ होऊन गोळा बनतो आणि आतलं मीठ आतच अडकतं. तासभर मंद ढवळून, थंड करून मगच गाळा.

धुताना साधं पाणी थेट ओतलं की मिठाचं प्रमाण एकदम घटतं, साका फुगतो, काही भाग परत विरघळतो आणि गाळणी बंद पडते. साका काढून पीएच २ ते ३ च्या आम्लयुक्त पाण्यात पुन्हा कालवा, गाळा, तसल्याच पाण्यानं धुवा. पाणी डिस्टिल्ड हवं. बोअरच्या क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम लिग्निनला धरून बसतं. वाळवणं ४० ते ५० अंशांवर. एकदम १०५ ला ठेवलं तर ओला साका मऊ होऊन ढेकूळ होतो.

कारखान्यात मात्र सगळं सल्फ्युरिकनं करणं मला पटत नाही. सोडा सल्फेट होऊन हातातून जातो. बॉयलरच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडनं पीएच ९ ते १० पर्यंत आणला तरी बरंचसं लिग्निन निघतं आणि उरलेलं लिकर पुन्हा सोडा काढायला पाठवता येतं.

आता उष्णता. लिग्निन वितळत नाही, मऊ होतं. ते ज्या तापमानाला मऊ होतं त्याला टीजी म्हणू. पाइनच्या क्राफ्ट लिग्निनचा टीजी साधारण १४० ते १७० अंश. एस घटक जास्त असलेल्या झाडांचा बहुधा त्याहून कमी. ओलावा असेल तर आणखी खाली. म्हणून डीएससीमध्ये (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारं यंत्र) ५ ते ८ मिलिग्रॅम नमुना, छिद्र पाडलेलं झाकण, पहिल्या फेरीत ११० अंशांवर १५ मिनिटं थांबून पाणी काढायचं, थंड करायचं आणि दुसऱ्या फेरीचा आकडा घ्यायचा. पहिल्या फेरीत १०० च्या आसपास दिसणारा मोठा खड्डा पाण्याचा असतो. त्याला टीजी समजू नका. २०० च्या वर पुन्हा पुन्हा तापवलं की जाळं घट्ट होतं आणि टीजी वर सरकतो.

टीजीएमध्ये (तापवताना घटणारं वजन मोजणारं यंत्र) सेल्युलोज ३१५ ते ४०० अंशांत झपाट्यानं उडून जातं. लिग्निन २०० च्या आसपास सुटायला लागतं, ३५० ते ४०० ला जोर धरतं आणि पुढे ८०० पर्यंत रेंगाळतं. नायट्रोजनमध्ये शेवटी ३० ते ४५ टक्के कोळसा उरतो. इथे राखेचा हिशेब धरलाच पाहिजे. समजा कोरड्या नमुन्यातून ४८ टक्के उरलं आणि हवेत जाळल्यावर राख १५ टक्के निघाली. तर कोळसा ३३, तोही ८५ भागांतला, म्हणजे ३९ टक्के. वर सोडियम आणि पोटॅशियम कोळसा होण्याची वाटच बदलतात. केळीच्या खांबात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे त्याचा आणि पऱ्हाटीचा आलेख न धुता शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

शुद्धता बघायला क्लासन पद्धत: ३०० मिलिग्रॅम नमुना, ७२ टक्के सल्फ्युरिक आम्ल ३ मिलिलिटर, ३० अंशांवर एक तास, मग ८४ मिलिलिटर पाणी घालून १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये एक तास. गाळून उरतं ते लिग्निन. त्यातली राख ५७५ अंशांवर काढून वजा करायची.

पऱ्हाटीच्या पार्टिकल बोर्डासाठी फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनमध्ये, म्हणजे बोर्डाच्या गोंदात, हे लिग्निन मिसळायचा विचार असेल तर फॉर्मल्डिहाइड जोडला जातो तो मुख्यतः त्याच मोकळ्या पाचव्या जागेवर. कपाशीत एस घटक असल्यानं पाइनपेक्षा तशा जागा कमी मिळतात. पाइनवरची कृती जशीच्या तशी उचलली की प्रेसमधून बोर्ड कच्चा निघतो. लिग्निनचं प्रमाण कमी ठेवा किंवा प्रेसचा वेळ वाढवा. आणि वाळलेली पूड दळताना ठिणगी, बिडी, उघडा मोटार-स्विच जवळ नको. हवेत उडालेली बारीक पूड स्फोट करते.